पंधरावी

नर्सी हे हिंगोली जिल्ह्यातलं कयाधूकाठचं गाव. उन्हाळ्यात कयाधूचं पात्र कोरडं पडतं, पावसाळ्यात ती भरून वाहते आणि पुढे पैनगंगेला मिळते. संत नामदेवांच्या घराण्याचं हे गाव, म्हणून त्याला आता सगळे नर्सी नामदेव असंच म्हणतात. आषाढीनंतर पंधरा दिवसांनी परतवारीची एकादशी येते, तेव्हा पंढरपूरहून परतलेला वारकरी इथे लोटतो. नामदेवांसमोर माथा टेकल्याखेरीज वारी पुरी झाली असं या भागातलं माणूस मानत नाही. नामदेव पंजाबात घुमानला राहिले, गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, त्यामुळे शीख भाविकांनाही हे गाव आपलं वाटतं.

नामदेवांचं नाव निघालं की पाठोपाठ जनाबाईचं निघतंच. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या बायका ही दोन नावं एका दमात घेतात. नामदेवांची पत्नी राजाई, आई गोणाई ही नावं त्यांना विचारल्यावर आठवतात. जनी मात्र विचारावी लागत नाही. रक्ताचं नातं नाही, लग्नाचं नाही, आणि तरीही सातशे वर्षं ही दोन नावं शेजारी शेजारी आहेत. आपल्या छोट्या गावांत, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत, अशी कित्येक माणसं एकमेकांच्या सोबतीने म्हातारी होतात. त्यांच्यातल्या जिव्हाळ्याला नाव नसतं आणि त्याबद्दल कुणी कधी बोलत नाही. त्या माणसांबद्दल लिहायचं तर सुरुवात जनीपासून करावी लागते, कारण आपल्या भाषेत हा विषय तिने फार आधी मांडला.

एका मुलखातली दोन घरं

नामदेवांचा जन्म १२७० सालचा. तो नर्सीत झाला की पंढरपुरात, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. घराणं मूळचं नर्सीचं ही परंपरा मात्र पक्की आहे. दामाशेटी आणि गोणाई हे शिंपी दांपत्य पंढरपुरात स्थिरावलं आणि कपड्यांच्या व्यवसायावर त्यांचं घर चाललं. जनाबाई गोदावरीकाठच्या गंगाखेडची. दमा आणि करुंड ही तिच्या आईवडिलांची नावं सांगतात. लहान वयातच ती पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आली आणि तिथेच राहिली. वडिलांनी तिला का सोपवली, याच्या कथा निरनिराळ्या आहेत. नामदेवांपेक्षा ती वयाने थोडी मोठी होती, तिने त्यांना कडेवर खेळवलं, असं परंपरा मानते.

गंगाखेड आज परभणी जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला, तोवर नर्सीही परभणी जिल्ह्यातच होतं. म्हणजे नर्सीचं शिंप्याचं घर आणि गंगाखेडची ती मुलगी एकाच मुलखातली. कुठलंही नातं नसताना ती त्याच घरी का गेली असेल, याचा विचार करताना मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. परक्या गावात गेलेला माणूस ‘आपल्याकडचं’ घर शोधतो. आज पुण्यात किंवा मुंबईत कामाला गेलेला हिंगोलीचा, सेनगावचा, औंढ्याचा माणूस खोली घेताना हेच करतो. गाववाल्याच्या शेजारी खोली मिळाली की त्याचा जीव भांड्यात पडतो. जनी त्या घरात आली तेव्हा तिच्यापाशी एवढाच एक धागा असावा. ती आल्यावर त्या घरात दळण, कांडण, सडा, सारवण, पाणी, गोवऱ्या ही सगळी कामं तिची झाली. ती तिने आयुष्यभर केली.

घरातली माणसं

जनाबाईच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. ते तोंडी परंपरेने आले, पुढे लिहिले गेले, आणि त्यांतले काही नंतरच्या लोकांनी तिच्या नावावर घातले असतील हेही खरं. तरी त्यांतला एक अभंग कुणाचाही असला तरी फार मोलाचा आहे. त्यात नामदेवांच्या घरातल्या माणसांची नोंद आहे.

गोणाई आणि राजाई या सासू-सुना. दामा आणि नामा हे बाप-लेक. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे. लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या चार सुना. लिंबाई ही लेक, आऊबाई ही बहीण. मोजली तर माणसं चौदा होतात. प्रत्येकाचं नातं त्याच्या नावाबरोबर सांगितलेलं आहे. मग ती स्वतःला घेते. नातं सांगायला काहीच नाही, म्हणून दासी म्हणते. पण ती स्वतःला त्याच अभंगात घेते, वेगळ्या जागी ठेवत नाही. अशी ती त्या घरातली पंधरावी.

हा अभंग वाचताना माझ्या मनात दरवेळी एकच गोष्ट येते. शिरगणती करायला येणारा माणूस आजही विचारतो, घरात कोण कोण राहतं आणि कर्त्याशी त्यांचं नातं काय? जनीने हाच तक्ता सातशे वर्षांपूर्वी भरला आणि नात्याच्या रकान्यात बसत नसताना आपलं नाव खोडू दिलं नाही. तिने हक्क मागितला नाही, तक्रार केली नाही, बरोबरीही सांगितली नाही. फक्त आपण आहोत एवढं नोंदवलं.

आणि मग तिची नाममुद्रा. एकामागून एक अभंग संपतात ते ‘नामयाची जनी’, ‘दासी जनी’, ‘नामयाची दासी’ अशा शब्दांनी. कवीने आपल्या नावाशी दुसऱ्याचं नाव जोडणं मराठी संतपरंपरेत अगदीच नवं नाही. निवृत्तीनाथांचं नाव ज्ञानदेवांच्या ओवीत येतं, ते गुरूचं नाव म्हणून. जनीने जोडलेलं नाव गुरूचं आहेच, आणि ज्या घरात ती वाढली त्या घरातल्या मुलाचंही आहे. आयुष्यभर जे बोलली, त्या बोलण्याच्या शेवटी तिने पुन्हा पुन्हा ते नाव घेतलं. यापेक्षा जास्त काही तिने सांगितलं नाही आणि आपणही तिच्या तोंडी घालू नये.

विठ्ठलाने केलेली कामं

या दोघांच्या जिव्हाळ्याला प्रेमकथेचा रंग देणं सोपं आहे. तसं कुणी केलं तर ते चूक ठरेल, आणि त्याहून वाईट म्हणजे उथळ ठरेल. जनाबाईच्या अभंगांत जी जवळीक आहे ती विठ्ठलाशी आहे. विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो, कांडतो, गोवऱ्या वेचतो, पाणी भरतो, तिला न्हाऊ घालतो, तिच्या डोक्यातल्या उवा काढतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं जातं दाखवतात, तिथे बायका अजून खुंट्याला हात लावतात.

ही कामं नीट पाहिली की तिच्या आयुष्यात काय नव्हतं ते कळतं. ती साऱ्या घराचं दळत होती आणि तिला हातभार लावायला कुणी नव्हतं. तिचे केस विंचरणारी आई लहानपणीच दुरावली होती. जे तिला कुणा माणसाकडून मिळालं नाही, ते तिने देवाकडून हक्काने करून घेतलं. देवावर ती रागावते, त्याला शिव्यासुद्धा देते. नामदेवांवर मात्र ती रागावल्याचं दिसत नाही. त्यांचा संसार, त्यांची आई, त्यांची मुलं, त्यांची भक्ती हे सगळं तिने आपलं मानलं. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला आणि तो घरातल्या सगळ्यांनी वाटून घेतला, अशी आख्यायिका आहे. त्या वाटणीत जनीचाही वाटा आहे. ज्या घरात तिला पगाराची, जमिनीची, दागिन्याची वाटणी नव्हती, तिथे शब्दांची वाटणी मिळाली. दळताना गाणारी ही बाई पुढे ‘थाळीपाक’ आणि ‘द्रौपदी स्वयंवर’ अशी आख्यानं रचण्याइतकी मोठी कवयित्री झाली.

नामदेवांचा स्वभावही इथे पाहायला हवा. औंढ्याच्या विसोबा खेचरांना त्यांनी गुरू केलं. चोखामेळा मंगळवेढ्याला भिंत कोसळून गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी आणून पंढरपूरच्या महाद्वारासमोर समाधी बांधली ती नामदेवांनी, असं परंपरा सांगते. जात आडवी आली असती तर ते घडलं नसतं. अशा माणसाच्या घरात एका दासीला गाण्याची, रचण्याची, आपलं नाव अभंगात घालण्याची मोकळीक होती. त्यांनीही तिच्याबद्दल वेगळं काही सांगितलं नाही. तिला गाऊ दिलं, हेच त्यांच्या बाजूचं बोलणं समजायचं.

भिंतीला भिंत

हिंगोली, वसमत, कळमनुरी इथल्या जुन्या गल्ल्यांत अजून सामाईक भिंतींची घरं आहेत. एका घरात फोडणी पडली की दुसऱ्या घरात ठसका लागतो. रात्री कोण खोकलं, कोण उशिरा आलं, कुणाचं लेकरू रडलं, सगळं भिंतीपलीकडे कळतं. दिवाळीच्या फराळाचं ताट आणि ईदच्या शीरखुर्म्याची वाटी याच भिंतीवरून इकडची तिकडे जाते. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हा इथला रिवाज. उन्हाळ्यात पापड-कुरडयांचं वाळवण शेजारणींनी मिळून करायचं. हळदीच्या दिवसांत या पट्ट्यात शेतावर हळद शिजवायच्या काहिली पेटतात, तेव्हा घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांना दोन वेळची भाकर शेजारच्या घरातून जाते.

एवढ्या जवळिकीत एखाद्या दोघांमध्ये जीव गुंततो, यात नवल नाही. कधी ती दोन बायकांची जोडी असते, एकाच वर्षी लग्न होऊन गल्लीत आलेली. कधी दोन पुरुषांची, एकाच ओट्यावर पन्नास वर्षं चहा घेतलेली. कधी एक बाई आणि एक पुरुष असतो, आणि तिथे मात्र गाव डोळे उघडे ठेवून असतं.

अशा वेळी आपल्या समाजाने एक वाट काढली आहे. ती मुलांच्या तोंडून जाते. शेजारच्या माणसाला बाईची मुलं ‘मामा’ म्हणू लागली की तो तिचा भाऊ ठरला. मग तो तिच्या अंगणात येऊन बसू शकतो, तिच्या मुलाच्या शाळेच्या फॉर्मसाठी धावपळ करू शकतो, भाऊबिजेला पाटावर बसू शकतो. तिच्या नवऱ्याला तो ‘दाजी’ म्हणू लागतो आणि सगळ्यांना आपापली जागा सापडते. द्रौपदीने चिंधी फाडून कृष्णाचं बोट बांधलं ही गोष्ट घरोघरी सांगितली जाते, ती अशाच मानलेल्या भावांना आधार म्हणून.

दुसरी वाट गुरुभावाची. एकाच गुरूची माळ किंवा मंत्र घेतलेले स्त्री-पुरुष गुरुभाऊ-गुरुबहीण होतात. जात वेगळी असली तरी हे नातं चालतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर त्या आता वाचायला आणि ऐकायला मिळतात. त्यांत आई, भाऊ, मुलगा यांच्याबरोबर शेजी म्हणजे शेजारीण येते आणि गुरुभाऊही येतो. दळणारी बाई त्याची वाट पाहते, तो आला की काय रांधावं याचा विचार करते, लोक काय म्हणतील याचीही तिला जाणीव असते. पहाटेच्या अंधारात, घर झोपलेलं असताना, जात्याच्या घरघरीत ती हे सगळं म्हणून टाकायची. दिवस उजाडला की तोंड बंद.

शिकलेल्या माणसांना यासाठी पत्रं होती. सुनीता देशपांडे यांनी जी. ए. कुलकर्णींना लिहिलेली पत्रं ‘प्रिय जी. ए.’ या नावाने पुस्तकरूपात आली, तेव्हा दोन माणसांत केवढा संवाद असू शकतो आणि तरी भेटी किती थोड्या असू शकतात, हे मराठी वाचकाला दिसलं. ज्यांना अक्षर येत नव्हतं, त्यांच्यापाशी जातं होतं. पिठाच्या गिरण्या आल्या तसं तेही मुकं झालं. गिरणीने बायकांचे कष्ट वाचवले हे फार मोठं काम झालं आणि त्याबद्दल हळहळण्याचं कारण नाही. पण मनातलं बोलायची ती एक जागा गेली, त्या जागी दुसरी काही आली नाही.

गप्प राहण्याची किंमत

अबोल मायेचं कौतुक करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. यातलं बरंचसं मौन माणसांनी आपखुशीने निवडलेलं नव्हतं. जातीने ते लादलं, वैधव्याने लादलं, गरिबीने लादलं. लहान वयात विधवा झालेली बाई शेजारच्या घरातल्या माणसाशी दोन शब्द जास्त बोलली तरी तिचं जगणं कठीण व्हायचं. पुरुषाला गल्लीने फार तर नावं ठेवली असती. बाईला घर सोडावं लागलं असतं.

संत बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत हे उघड लिहून ठेवलं आहे. सतराव्या शतकात वेरूळजवळच्या देवगावात जन्मलेली ही ब्राह्मण मुलगी. कोल्हापुरात तिने तुकारामांचे अभंग ऐकले आणि तिला त्यांचा ध्यास लागला. स्वप्नात त्यांचा उपदेश मिळाला म्हणून तिने शूद्र मानल्या गेलेल्या तुकारामांना गुरू केलं. त्यासाठी नवऱ्याचा मार तिने खाल्ला. ओढ भक्तीची होती, तरी ती बोलून दाखवल्याची शिक्षा झाली. मग ज्यांच्या ओढीला भक्तीचंही पांघरूण नव्हतं, त्यांनी ती का बोलून दाखवली नाही, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून तारा भवाळकरांसारख्या अभ्यासक स्त्रियांच्या ओव्या आणि संत स्त्रियांचे अभंग एकत्र ठेवून वाचतात, ते मला योग्य वाटतं. दोन्हींत बायका सांगण्याजोगं आणि न सांगण्याजोगं यांच्या सीमेवर उभ्या राहून बोलतात. जनाबाईने दासीपणाचा आधार घेतला, ओवीतल्या बाईने गुरुभावाचा. आधार घ्यावा लागला हा त्या काळाचा दोष. आधार घेऊनसुद्धा त्या बोलल्या, हे त्यांचं मोठेपण.

सुतक नसलेलं दुःख

१३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवांनी पंढरपूरच्या महाद्वारात समाधी घेतली. त्यांच्याबरोबर घरातल्या सगळ्यांनी देह ठेवला, फक्त बाळंतपणासाठी माहेरी गेलेली सून लाडाई मागे राहिली, असं परंपरा सांगते. ऐंशी वर्षांच्या नामदेवांचे आईवडील तेव्हा कसे असतील, असा प्रश्न इतिहासाचा अभ्यासक विचारेल, आणि तो रास्त आहे. पण लोकांची आठवण जेव्हा ही यादी सांगते, तेव्हा तिच्यात जनाबाई असते. त्या समाधीच्या जागी असलेल्या नामदेव पायरीवर डोकं ठेवणारा वारकरी त्या सगळ्यांनाच नमस्कार करतो. दासी म्हणून राहिलेल्या बाईला त्या घराच्या शेवटात वाटेकरी करून घेतलं ते वारकऱ्यांनी. तिने स्वतःला त्या घरात मोजलं होतं, लोकांनी ते मान्य केलं.

आज आपण असं मान्य करतो का? एखाद्या गल्लीत म्हातारं माणूस जातं. मुलं पुण्याहून, मुंबईहून येतात. भाऊबंदांना दहा दिवसांचं सुतक असतं. दहाव्याला, तेराव्याला कोण कुठे बसणार हे ठरलेलं असतं. भेटायला येणारी माणसं मुलाजवळ बसतात, सुनेजवळ बसतात. शेजारच्या घरातल्या त्या एका माणसाला सुतक नाही. पहिल्या दिवशी दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पिठलं-भाकरी करून नेणारी शेजारीण तीच असते. पन्नास वर्षांची सोबत सुटलेली असते आणि ती दुसऱ्यांच्या घरच्या पाहुण्यांना वाढत असते. तिच्या घरी कुणी भेटायला येत नाही. तिने रडावं किती, याचाही अंदाज गाव घेत असतं, म्हणून ती रडतही नाही.

मराठवाड्यातल्या छोट्या गावांतून तरुण माणसं कामासाठी बाहेर गेली, तशी ही गोष्ट आणखी मोठी झाली. म्हाताऱ्या आईवडिलांचं आजारपण, दवाखाना, रात्रीची गोळी, गॅसचा सिलिंडर हे सगळं आता शेजारी पाहतात. दूरच्या मुलांना ते माहीत असतं आणि ती कृतज्ञही असतात. तरी मरणानंतरच्या दहा-तेरा दिवसांत या माणसांसाठी जागा ठेवायची असते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. रिवाजात ती जागा नाही म्हणून कुणी करत नाही. रिवाज माणसांनीच घातलेले असतात आणि माणसांनीच त्यांत भर घालायची असते. मामा म्हणायचा रिवाज असाच कुणीतरी सुरू केला असेल.

तेव्हा या दिवाळीला गावी गेलात की आईला, आजीला शेजाऱ्यांबद्दल विचारा. नातलगांची माहिती घरोघरी असतेच. तिच्या दुखण्यात कोण बसलं, तिने कुणाच्या हाती किल्ली दिली, कुणाच्या हाकेने तिची सकाळ सुरू व्हायची, हे विचारा आणि लिहून ठेवा. काय नातं होतं, असं मात्र विचारू नका. सांगण्यासारखं असेल तर ती सांगेल.

आणि गल्लीत कुणी गेलं, तर त्यांच्या दारातून निघाल्यावर शेजारच्या दारातही जा. तिथे थोडा वेळ बसा. “तुमचं फार जवळचं माणूस गेलं,” एवढं म्हणा. हे कुणीतरी आपल्याला येऊन म्हणावं, म्हणून त्या घरातलं म्हातारं माणूस कित्येक दिवस वाट पाहत असतं.